वर केंद्रक, खाली इलेक्ट्रॉन

अकरावीच्या एका जर्नलचं पान. प्रयोग: ॲल्युमिनियमच्या अनियमित आकाराच्या तुकड्याची घनता काढणे. वस्तुमान १८.४२ ग्रॅम. मेजरिंग सिलिंडरमधल्या पाण्याची पहिली पातळी ३०.० मिलिलिटर, तुकडा सोडल्यावरची ३६.८. या ३६.८ च्या शेजारी नंतर, जरा वेगळ्या शाईने, एक २ बसवलेला. झालं ३६.८२. मग आकारमान ६.८२ आणि भागाकार २.७०, पुस्तकात आहे अगदी तेवढाच. खाली लाल पेनाची बरोबरची खूण. पान नीटनेटकं, समास आखलेला, आकृती पेन्सिलने मन लावून काढलेली. पण तो २ काही डोळ्यांसमोरून हलेना. ज्या सिलिंडरवर एकेका मिलिलिटरच्या रेघा आहेत, त्यावर ३६.८२ कुणालाच वाचता येत नाही. दोन रेघांमधली जागा नजरेने दहा भागांत वाटून ३६.८ म्हणणं, इथेच डोळ्याची ताकद संपते. पुढचा २ पाण्याने दिलेला नव्हता, पुस्तकाने दिलेला होता.

रीडिंग जुळवायची ही सवय सगळीकडे आहे आणि ती आळसातून येते असं मला वाटत नाही. ती भीतीतून येते. उत्तर आधीच ठरलेलं आहे, आपण फक्त तिथवर पोचायचं आहे, असं मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला कळून चुकतं. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. हे सूत्र आठवीपासून पाठ असतं. पण या भागाकारात वर कोण बसलंय आणि खाली कोण, हे कुणी विचारत नाही. आणि चारच पाठांनंतर अणूची रचना शिकवताना या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचं नावही निघत नाही. मला तर हे दोन पाठ एकच वाटतात.

आधी त्या जर्नलमधलं गणित, जुळवाजुळव न करता. १८.४२ भागिले ६.८ केलं की कॅल्क्युलेटर २.७०८८२३५२९ दाखवतो. यातले बहुतेक अंक कॅल्क्युलेटरचे, धातूचे नव्हेत. ३०.० आणि ३६.८ या दोन्हींत तीन-तीन सार्थ अंक, म्हणजे खरोखर मोजलेले, भरवशाचे अंक आहेत, पण वजाबाकी झाली की ६.८, म्हणजे दोनच उरतात. वजाबाकी अंक खाते. मापनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असून पुस्तकात तिला एका ओळीपलीकडे जागा मिळत नाही. दोन्ही पातळ्या वाचताना ०.१ मिलिलिटर इकडेतिकडे झालं, तर आकारमान ६.६ पासून ७.० पर्यंत कुठेही असू शकतं आणि घनता २.७९ पासून २.६३ पर्यंत. म्हणजे प्रामाणिक उत्तर २.७, पुढे काही नाही. काटा दोन दशांश स्थळं दाखवतो म्हणून उत्तरही तेवढंच बारीक येत नाही. सगळा कच्चेपणा त्या सिलिंडरमध्ये आहे.

कच्चेपणा नेमका कुठून येतो हे ओट्याशी उभं राहिल्यावरच दिसतं. तुकडा आधी कोरडा तोलायचा, मग पाण्यात सोडायचा. क्रम उलटला की ओल्या धातूबरोबर पाणीही तोललं जातं. दुसऱ्या रीडिंगला तोच तुकडा फडक्याने जेमतेम पुसून काट्यावर ठेवला आणि त्याच्या खाचांत ०.२ ग्रॅम पाणी राहिलं, तर घनता २.६५ पर्यंत घसरते. तुकडा वरून टाकला तर पाणी उडून काचेला चिकटतं. दोन थेंब म्हणजे साधारण ०.१ मिलिलिटर, ते वर अडकले की आकारमान कमी भरतं आणि घनता २.७४ होते. शिवाय सिलिंडरचं बूड फुटायची भीती वेगळीच. म्हणून सिलिंडर तिरका धरून तुकडा काचेवरून घसरत न्यायचा, किंवा दोऱ्याला बांधून सोडायचा. धातूच्या खरबरीत बाजूला हवेचे बुडबुडे मण्यांसारखे चिकटून बसतात. ते चमकतात, दिसतात, तरी घाईत कुणी त्यांच्याकडे बघत नाही. सगळे मिळून ०.१ मिलिलिटर भरले की घनता २.६६. सिलिंडरवर बोटाने टिचक्या मारल्या की बरेचसे सुटतात. न सुटल्यास पाण्यात साबणाच्या पाण्याचा एकच थेंब.

डोळ्याचं तर विचारायलाच नको. पाण्याची पातळी काचेला लागून वर चढते. वाचायचा तो मधल्या वाटीचा, म्हणजे मेनिस्कसचा, तळ. मागे काळ्या कागदाची पट्टी धरली की तळ स्वच्छ उठून दिसतो. डोळा वर असेल तर रीडिंग जास्त येतं, खाली असेल तर कमी. गंमत अशी की दोन्ही वेळा सारख्याच चुकीच्या उंचीवरून वाचलं, तर वजाबाकीत ती चूक बरीचशी निघून जाते. पण बहुतेक मुलं पहिलं रीडिंग उभ्याने घेतात आणि दुसऱ्याच्या वेळी, आता महत्त्वाचं आहे म्हणून, वाकून डोळा पातळीला आणतात. अर्धी काळजी इथे बेफिकिरीपेक्षा महाग पडते.

काट्याचीही दोन पथ्यं आहेत. डोक्यावरचा पंखा चालू असेल तर शेवटचा अंक नाचतच राहतो, मग मुलं त्यांना आवडेल तो आकडा उचलतात. पंखा बंद करायचा, उकडलं तरी. आणि गरम वस्तू तोलायची नाही. तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि वस्तू आहे त्याहून हलकी भरते.

आता उपाय. सिलिंडर सोडून द्यायचा. काट्यावर पाण्याचं बीकर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा. तुकडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून स्टँडवरून असा सोडायचा, की तो पूर्ण बुडेल पण बीकरच्या बुडाला किंवा कडेला लागणार नाही. सुती दोरा नको, तो पाणी पितो. तुकड्याचा भार दोऱ्यावर असतो, पण त्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतकं वजन काट्यावर दिसतं. ॲल्युमिनियमच्या या तुकड्याला काटा ६.७९ ग्रॅम दाखवेल. तीन सार्थ अंक, आणि मेनिस्कसच्या तळाशी डोळा नेण्याची गरजच नाही. इथे १८.४२ ला ६.७९ ने भागलं की २.७१ येतं आणि पुस्तकाशी पुन्हा जमत नाही. इथेच मुलं परत खोडरबर काढतात. खरं तर इथे थर्मामीटर काढायला हवा. ३० अंशांवरचं पाणी मिलिलिटरला १ ग्रॅम नसतं, ०.९९५७ ग्रॅम असतं. एकाला एक हे ४ अंशांच्या आसपासचं. ६.७९ ला ०.९९५७ ने भागा, आकारमान ६.८२ येतं आणि घनता २.७०. जर्नलमध्ये जो २ मागून चिकटवला होता, तो पाण्याचं तापमान विचारलं असतं तर आपणहून आला असता.

जेमतेम अर्ध्या टक्क्याचा हा फरक.

आता त्या भागाकाराकडे. ॲल्युमिनियमच्या अणूत १३ प्रोटॉन आणि १४ न्यूट्रॉन केंद्रकात, आणि १३ इलेक्ट्रॉन बाहेर. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या १८३६ व्या भागाइतकं. आपल्या १८.४२ ग्रॅमच्या तुकड्यातले सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन एकत्र तोलता आले, तर ते सुमारे ०.००५ ग्रॅम भरतील. दोन दशांश स्थळांच्या काट्याला ते असून नसल्यासारखेच. म्हणजे काट्यावर आपण जे तोलतो ते फक्त केंद्रकं. उलट तुकड्याने जी जागा अडवली, जे पाणी बाजूला सारलं, ते सगळं इलेक्ट्रॉनांचं काम. केंद्रक अणूच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतं. आकारमानात त्याचा वाटा मोजण्याइतकाही नाही. घनतेच्या भागाकारात वर केंद्रक आहे आणि खाली इलेक्ट्रॉन. आठवीपासून पाठ असलेल्या सूत्रात अणूचे दोन्ही भाग असे वेगवेगळे, वर आणि खाली बसलेले आहेत, आणि हे मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

याचा पुरावा सोनाराच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळून सापडतो. ॲल्युमिनियम, चांदी, सोनं. तिन्ही धातूंत अणू एकाच पद्धतीने रचलेले असतात: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर. त्या घनाची बाजू ॲल्युमिनियममध्ये ४०५ पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर), चांदीत ४०९, सोन्यात ४०८. जवळजवळ एकच. एकाच मापाच्या पेट्या, एकसारखी मांडणी, प्रत्येक पेटीच्या वाट्याला चार अणू; फरक फक्त आत काय भरलंय त्याचा. अणुवस्तुमान अनुक्रमे २६.९८, १०७.८७ आणि १९६.९७. घनता २.७०, १०.४९ आणि १९.३. सोन्याचं अणुवस्तुमान चांदीच्या १.८३ पट, घनता १.८४ पट. हातावर ठेवल्यावर सोनं जे जड लागतं, ते त्याचे अणू जास्त दाटीने बसले आहेत म्हणून नव्हे. केंद्रक जड आहे, एवढंच. आणि ७९ इलेक्ट्रॉन असूनही सोन्याचा अणू ४७ इलेक्ट्रॉनांच्या चांदीपेक्षा मोठा का नाही, हा प्रश्न कुठल्याही हुशार मुलीने विचारावाच असा आहे. वाढत्या प्रोटॉनांची ओढ इलेक्ट्रॉनांना आत खेचते, आणि सोन्याच्या आधी येणाऱ्या चौदा मूलद्रव्यांत आतल्या कप्प्यात भरलेले इलेक्ट्रॉन ही ओढ फारशी अडवू शकत नाहीत. त्यात भर म्हणजे इतक्या जड केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचा वेग एवढा वाढतो, की सापेक्षतेच्या परिणामाने बाहेरचं कवच आणखी आत ओढलं जातं.

घनतेची मर्यादाही इथेच कळते. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ, की टंगस्टनवर सोन्याचा मुलामा चढवलेली वीट पाण्यातल्या वजनाने ओळखणं अवघड. अणुवस्तुमान कमी, १८३.८४, पण अणू जरा जास्त दाटीत; वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे बदलले आणि भागाकार तिथेच आला. एका भागाकारातून दोन गोष्टी उलगडत नाहीत. २२ कॅरेटच्या दागिन्यात तांबं किती आणि चांदी किती, हेही म्हणूनच नुसत्या घनतेवरून सांगता येत नाही.

वरचा आकडा तेवढा बदलायचा आणि खालचा तसाच ठेवायचा, असं कधी होतं का? होतं. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे. तिथे जे पाणी वेगळं केलं जातं त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकेक न्यूट्रॉन जास्त असतो. इलेक्ट्रॉन तेवढेच, त्यामुळे रेणूची जागा जवळपास तेवढीच. २५ अंशांवर साध्या पाण्याची घनता ०.९९७, जड पाण्याची १.१०४. रेणुवस्तुमानं १८.०२ आणि २०.०३. दोन्ही गुणोत्तरं सुमारे १.११. जड पाण्याचा बर्फ साध्या गार पाण्यात तरंगत नाही, बुडतो. न्यूट्रॉन नावाचा कण खरोखर आहे आणि त्याला वजन आहे, हे पटवायला यापेक्षा सोपं काही मला सुचत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांना अणूपर्यंत न्यायचं तर सर्वांत चांगला प्रयोग मात्र डब्यातल्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा. फॉइलची जाडी किती? कॉलेजातल्या स्क्रू गेजचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सर्वांत लहान भाग, ०.०१ मिलिमीटर असतं आणि फॉइलची जाडी साधारण तेवढीच, म्हणजे गेजवर जेमतेम एक भाग. मोजणं न मोजणं सारखंच. म्हणून लांबीचं माप सोडून वजनाकडे वळायचं. नव्या गुंडाळीतून, चुरगळू न देता, २०.० सेंटीमीटर बाजूचा चौकोन धारदार पात्याने कापायचा. कात्रीने कड वाकडी जाते. मोजून झाल्यावर खुशाल घडी घालून काट्यावर ठेवा, घडीने वजन बदलत नाही. समजा १.१९ ग्रॅम भरलं. क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटीमीटर. १.१९ भागिले २.७० म्हणजे आकारमान ०.४४१ घन सेंटीमीटर. त्याला ४०० ने भागलं की जाडी ०.००११० सेंटीमीटर, अर्थात ११.० मायक्रोमीटर. १० सेंटीमीटरचाच चौकोन घेतला असता तर वजन ०.३० ग्रॅम आलं असतं आणि सार्थ अंक दोनच राहिले असते. मोठा तुकडा घेण्याचा फायदा असा रोख मिळतो. आता ॲल्युमिनियममध्ये शेजारच्या दोन अणूंच्या केंद्रांतलं अंतर २८६ पिकोमीटर. भाग द्या. अणूला अणू टेकवून रांग लावली, तर फॉइलच्या जाडीत सुमारे ३८,५०० अणू. लाख नव्हेत, कोटी नव्हेत. गावाच्या लोकसंख्येएवढा आकडा, आणि तो काढायला लागली फूटपट्टी, पातं आणि काटा. अणू लहान असतो हे सगळेच सांगतात. पण तो इतका लहान आहे आणि याहून लहान नाही, हे मुलांना स्वतःच्या हाताने काढता येतं, याचं मोल फार आहे.

या फॉइलवरून, अणूचं केंद्रक शोधणाऱ्या रदरफर्डच्या सोन्याच्या पत्र्याकडे जायला एक पाऊल पुरतं. त्याच्या १९११ च्या निबंधात सोन्याच्या वर्खाची जाडी सुमारे ०.००००४ सेंटीमीटर दिली आहे. वरच्याच रीतीने, अणूंतलं अंतर २८८ पिकोमीटर धरलं, तर त्यात साधारण १,४०० अणू आडवे येतात. त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांना अशा पत्र्यातून जाणाऱ्या अल्फा कणांपैकी (हेलियमच्या वेगवान केंद्रकांपैकी) २०,००० मागे एक कण सरासरी ९० अंशांनी वळलेला सापडला होता. चौदाशे अणू ओलांडूनही बाकीचे फारसे न वळता पार. हा चौदाशेचा आकडा आधी मनात असेल, तर ‘अणूत बहुतांश पोकळी असते’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

पुन्हा अर्ध्या टक्क्याकडे येतो, कारण आवर्तसारणीतला एक अख्खा स्तंभ त्यातून बाहेर आला आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले वायूंच्या घनता मोजत होता. काचेचा मोठा गोळा रिकामा करून तोलायचा, वायू भरून परत तोलायचा. हवेच्या उचलीचा परिणाम कटावा म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकारमानाचा बंद गोळा टांगायचा. आतली हवा काढली की बाहेरच्या दाबाने गोळा किंचित आकसतो, त्याचीही दुरुस्ती त्याने केली होती. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्यावर काढून टाकून उरलेल्या नायट्रोजनने गोळा भरला की वजन सुमारे २.३१०२ ग्रॅम भरे. रासायनिक संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनने २.२९९ ग्रॅमच्या आसपास. फरक ११ मिलिग्रॅम. सुरुवातीला तर हा फरक हजारात एक एवढाच होता, कारण त्याच्या अमोनियाच्या पद्धतीत हवाही वापरली जात होती आणि त्यामुळे बराचसा नायट्रोजन हवेचाच असे. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन घेतल्यावर तो पाचपट, म्हणजे दोनशेत एक झाला. इथे रॅलेने जे केलं त्याला माझा सलाम आहे: फरक दडपायचा नाही, उलट मोठा होईल तेवढा मोठा करायचा आणि मग त्याच्यामागे लागायचं. १८९२ मध्ये त्याने हा घोळ जाहीर करून रसायनतज्ज्ञांकडे मदत मागितली. १८९४ मध्ये त्याने आणि रसायनतज्ज्ञ विल्यम रॅमसे यांनी हवेतला एक नवाच वायू, अरगॉन, जाहीर केला. रॅमसेने तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेऊन शोषून घेतला होता, आणि उरला तो अरगॉन.

वायूंमध्ये आपला भागाकार आणखी सोपा होतो. तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात सारखेच कण, त्यामुळे खालची बाजू सगळ्यांना एकच, आणि घनता म्हणजे सरळ कणाचं वस्तुमान. नायट्रोजनचा रेणू २८.०१, अरगॉनचा अणू ३९.९५, लिटरला १.२५ ग्रॅम आणि १.७८ ग्रॅम. हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये सुमारे १.२ टक्के अरगॉन मिसळलेला असला की अर्ध्या टक्क्याचा हिशोब बरोबर लागतो. पण या ३९.९५ ने नवीनच पेच टाकला. पोटॅशियम ३९.१०, म्हणजे वजनाच्या क्रमाने अरगॉन पोटॅशियमच्या नंतर यायला हवा, आणि गुणधर्म सांगतात की तो आधी येतो. १९१३ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोझलेने क्ष-किरणांच्या मोजमापातून दाखवलं की क्रम केंद्रकातल्या धन प्रभाराने लागतो: अरगॉन १८, पोटॅशियम १९.

मग अरगॉन इतका जड का? हवेतल्या अरगॉनपैकी सुमारे ९९.६ टक्के अणू अरगॉन-४० चे आहेत, १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन. ते खडकांतल्या पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारातून कोट्यवधी वर्षांत तयार होऊन हवेत आलेले आहेत. या पोटॅशियमचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. पृथ्वीवर मुळातला तेवढाच अरगॉन असता, तर तो बहुतेक अरगॉन-३६ असता, वजनात पोटॅशियमपेक्षा हलका, आणि आवर्तसारणीत हा पेच पडलाच नसता. तो सापडलाही नसता. ११ मिलिग्रॅमऐवजी रॅलेच्या गोळ्यात मिलिग्रॅमच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा फरक पडला असता, आणि एकाच गोळ्याच्या, हवेतल्याच नायट्रोजनच्या त्याच्या रीडिंगमधली तफावत याहून मोठी होती.